घरी पहिल्यांदाच कायडेक्सचं म्यान करतोय. सुरी अगदी घट्ट बसण्यासाठी शीट किती तापवू आणि किती दाबू?

तुम्ही लिहिलंय की पातं १०० मिमीचं आहे, २ मिमी जाडीची कायडेक्सची (तापवलं की मऊ होणाऱ्या कडक प्लास्टिकची) शीट आणली आहे, घरात छोटा ओव्हन आहे आणि सुरी म्यानात ‘अगदी घट्ट’ बसायला हवी.

आकडे आधी देतो. ओव्हन १६० ते १७० अंश सेल्सिअसवर स्थिर होऊ द्या आणि मगच शीट आत ठेवा. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. २ मिमीच्या शीटला साधारण ५ ते ७ मिनिटं लागतात, दीड मिमीच्या शीटला ३ ते ५. घड्याळापेक्षा शीटकडे लक्ष द्या. आधी तिच्या कडा वळतात, मग ती पुन्हा सपाट होते आणि कोपरा धरून उचलली की ओल्या चामड्यासारखी लोंबते. त्या क्षणी बाहेर काढायची. वरचा खडबडीत पोत जाऊन चकाकी यायला लागली तर जास्त तापली. गेलेला पोत परत येत नाही. बाहेर काढल्यापासून दाबेपर्यंत ३०-४० सेकंद मिळतात आणि दाबल्यावर किमान १० मिनिटं क्लॅम्प सोडायचे नाहीत.

पण ‘अगदी घट्ट’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. घट्ट म्यान म्हणजे चांगलं म्यान, हा समज नवशिक्यांची जितकी म्यानं बिघडवतो तितकी ओव्हनची चूकही बिघडवत नाही. जाणती माणसंसुद्धा ‘घट्टच हवं’ असं सांगत असतात. सुरी म्यानात एकाच ठिकाणी धरली जायला हवी: तोंडापाशी, जिथे पातं संपून मूठ सुरू होते तिथे, फार तर १०-१५ मिमीच्या पट्ट्यात. बाकी सगळं पातं आत मोकळं असलं पाहिजे.

माझ्याकडे असंच एक घट्ट म्यान मुद्दाम जपून ठेवलेलं आहे. त्याची सुरी पानाच्या आकाराची आहे. मुठीजवळ पातं २६ मिमी रुंद, पोटापाशी (पुढच्या फुगीर भागात) ३१ मिमी. शीट पाठीवरून दुमडली, फोममध्ये कचकचून दाबली, धारेच्या बाजूने आयलेट (दोन थर जोडणारे पोकळ धातूचे रिव्हेट) ठोकले. दिसायला सुंदर, पात्याची रेघन्‌रेघ बाहेरून दिसते. सुरी आत जाते तीही झकास ‘टक्’ आवाज करून. बाहेर काढताना मात्र दोन झटके द्यावे लागतात.

कारण साधं आहे. मुठीजवळ पातं २६ मिमीचं, म्हणून तिथे दोन्ही थर २६ मिमीच्या पुढे एकमेकांना चिकटून बसले. आता ३१ मिमीचं पोट बाहेर काढायचं तर त्याच चिकटलेल्या जागेतून, प्लास्टिक फाकवत, जावं लागतं. फाकवण्याचं काम धार करते. दर खेपेला धार ५ मिमी प्लास्टिकमध्ये रुतते आणि घासत बाहेर येते. थोड्याच दिवसांत धार बोथट झाली, म्यानाच्या आत कापल्याच्या खाचा पडल्या आणि पात्याच्या दोन्ही अंगांवर उभे ओरखडे आले. शिवाय झटका देऊन सुटणारी सुरी हाताच्या ताब्यात नसते. ती कुठे जाऊन थांबेल, हे आधी सांगता येत नाही. मला हा भाग सर्वांत गंभीर वाटतो.

यावर उपाय दाबण्याआधी करायचा असतो. सुरीवर मास्किंग टेपचे दोन थर द्या; पात्याला तेवढी मोकळीक मिळते आणि ओरखडे वाचतात. मग पोटाच्या सर्वांत रुंद बिंदूपासून मुठीपर्यंत, धारेला लागून, जाड पुठ्ठ्याची किंवा चामड्याची २ ते ३ मिमी जाडीची पट्टी टेपने चिकटवा. पट्टीची बाहेरची कड पोटाच्या रुंदीच्या सरळ रेषेत आली पाहिजे. वरच्या उदाहरणात ती मुठीजवळ ५ मिमी रुंद असती आणि पोटाकडे निमुळती होत संपली असती. पातं पाठीच्या बाजूने फुगत असेल तर पट्टी पाठीवर लावायची. असं केलं की आतली वाट तोंडापर्यंत एकसारख्या रुंदीची राहते. सरळ पात्याच्या सुरीला याची गरज नाही. तुमचं पातं कुठल्या प्रकारचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा आधी कॅलिपरने तीन ठिकाणी मोजा.

मुठीकडच्या बाजूला उलटा धोका असतो. बोटाची खोल खाच, मुठीतली भोकं, गार्डमागची (पातं आणि मूठ यांमधल्या आडव्या अडणीमागची) खोबण यांत गरम प्लास्टिक घुसतं आणि थंड झालं की कुलूप लागतं. तिथे मॉडेलिंगची माती भरा आणि एक ते दीड मिमी खोली तेवढी शिल्लक ठेवा. सुरी धरून ठेवायला एवढी खोली पुरते.

दाबायचा साचा म्हणजे १८ मिमी प्लायवुडच्या दोन फळ्या आणि त्यांवर चिकटवलेला २५ मिमी जाडीचा, बंद छिद्रांचा घट्ट फोम. गादीचा किंवा भांडी घासायचा स्पंज चालत नाही. तो नुसता चेपतो, प्लास्टिकवर उलट दाब देत नाही आणि कडा गोलगोल येतात. चार क्लॅम्प कोपऱ्यांवर लावून फोम साधारण निम्मा दबेपर्यंत आवळा. त्यापुढे आवळून फायदा नाही, फळी वाकते आणि मधला भाग सैल राहतो.

पहिल्या खेपेला एकाच शीटची दुमड करा. दोन शीट समोरासमोर जोडून केलेलं म्यान दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, पण त्यात दोन तुकडे एकदम तापवणं, एकमेकांवर नेमके बसवणं आणि दोन्ही कडांना आयलेट हे सगळं आलं. दुमडीला एकच तापवणं पुरतं. पाठ दुमडीत, धार आयलेटच्या बाजूला. १०० मिमी पातं आणि मुठीचा ३० मिमी भाग झाकायचा तर तुकडा लांबीला १८० मिमी घ्या; रुंदी पात्याच्या दुप्पट, अधिक ७०-८० मिमी. कंजूषपणा करू नका, कारण तापल्यावर शीट एका दिशेने थोडी आकसते. खडबडीत बाजू बाहेर. शीट सरळ कापायची असेल तर करवत नको. कटरने एक तृतीयांश खोल रेघ ओढून टेबलाच्या कडेवर मोडा.

क्लॅम्प सोडल्यावरचा क्रम महत्त्वाचा आहे. सुरी आत असताना बाहेरून पेन्सिलने पात्याची कड आखा. मग सुरी काढा आणि मगच ड्रिल हातात घ्या. सुरी आत ठेवून भोकं पाडणारे लोक आहेत, आणि ड्रिल बिट धारेवर आपटून दोन्ही वाया घालवणारेही तेच. पाव इंची आयलेटला साडेसहा मिमीच्या आसपास भोक लागतं. भोकाचा मध्य पात्याच्या रेघेपासून ८ ते १० मिमी आणि म्यानाच्या बाहेरच्या कडेपासूनही तेवढाच ठेवा. पट्ट्याची क्लिप लावणार असाल तर तिच्या भोकांमधलं अंतर आधी मोजा आणि आयलेट त्यावर बेता. आयलेटची नळी दोन थरांच्या जाडीपेक्षा अडीच ते तीन मिमी लांब हवी. आखूड असली तर कड नीट फुलत नाही, लांब असली तर चिरत जाते.

आयलेट लगेच ठोकू नका. भोकांत नट-बोल्ट घाला, कडा बारीक दात्याच्या करवतीने कापा, कानस मारा, मग १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर या क्रमाने. टोकाशी ४-५ मिमीचं भोक ठेवा, पाणी तिथून निघून जातं. कायडेक्स पाणी शोषत नाही हे खरं, पण आत अडकलेलं पाणी पात्याला चिकटूनच राहतं. पात्याचं टोक आणि म्यानाचा तळ यांत ३ ते ५ मिमी मोकळी जागा असू द्या.

यानंतर म्यान आतून साबणाच्या पाण्याने धुवा. ही पायरी सगळे गाळतात. पात्यावर ओरखडे येतात ते आत राहिलेल्या कानशीच्या किसाने आणि पेपरच्या कणांनी. प्लास्टिक बिचारं पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतं.

आता घट्टपणाची परीक्षा. टेप काढलेल्या पात्यावर दोन्ही बाजूंनी आणि धारेलगत परमनंट मार्कर फिरवा, वाळू द्या, सुरी एकदाच आत घालून बाहेर काढा. शाई जिथे पुसली गेली तिथे पातं घासतंय. शाई मुठीजवळच्या पट्ट्यातच गेली असेल तर म्यान बरोबर आहे. पोटावर किंवा धारेवर गेली असेल तर ते हाताला कितीही घट्ट आणि मजबूत वाटो, चुकलेलं आहे. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी आपल्या लाडक्या म्यानावर हे करून पाहावं, पाच मिनिटांत उत्तर मिळतं. शाई स्पिरिटने निघते. मग घडी घातलेल्या टॉवेलवर म्यान उलटं धरून तीन-चार वेळा हलवा. सुरी पडता कामा नये, पण अंगठ्याने म्यानाच्या तोंडावर दाब दिला की झटक्याशिवाय सुटली पाहिजे.

सैल निघालं तर सगळं म्यान तापवू नका. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) १० सेमीवर धरून फक्त तोंडाचा भाग मऊ करा, टेप लावलेली सुरी आत घाला आणि हातमोजा घालून मुठीच्या खोबणीत बोटांनी दाबून धरा. फार घट्ट असेल तर हेच करा, पण तोंडापाशी टेपचा एक थर वाढवून आणि न दाबता. तोंडाजवळच्या भोकात आयलेटऐवजी बोल्ट ठेवून दोन थरांमध्ये रबरी वॉशर घातला तर पकड पुढेही स्क्रू-ड्रायव्हरने कमी-जास्त करता येते. मला हा प्रकार सर्वांत आवडतो. टोकाकडे थोडी खडखड राहिली तर राहू द्या. ती घालवायला पातं आवळाल तर वरचं सगळं रामायण पुन्हा सुरू होईल.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कायडेक्स हे पीव्हीसी आणि ॲक्रिलिकचं मिश्रण आहे. जास्त तापलं तर हायड्रोजन क्लोराइडची घातक वाफ निघते. म्हणून ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजतं तो वापरू नका, या कामाला वेगळा ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि मेणबत्ती, बर्नर किंवा गॅसची आच कधीच नको. पाण्याच्या पीव्हीसी पाइपवर सराव करायचा असेल तर चालेल, पण तो बऱ्याच कमी तापमानाला मऊ होतो, त्यामुळे हीट गन सतत हलती ठेवा. पोलादाचं पाणी (कडकपणा) या तापमानाला आणि एवढ्या वेळात उतरत नाही, मात्र मूठ साध्या इपॉक्सीने चिकटवलेली असेल तर उष्णतेने सांधा सैल होऊ शकतो. तिथे टेपचे आणखी दोन थर द्या. गरम शीट दुमडताना धार टेपमधूनही हाताला लागते, तेव्हा जाड सुती किंवा चामडी हातमोजे घाला. तयार म्यान उन्हात बंद गाडीत ठेवू नका, आकार सैलावतो.

पहिली दुमड बिघडली तर भोकं पाडण्याआधी तीच शीट परत ओव्हनमध्ये टाका. कायडेक्स तापलं की बहुतांशी पुन्हा सपाट होतं, आणि त्याच तुकड्यावर दोन-तीनदा हात बसवता येतो.