साहेबांपासून सुटण्यासाठी मागितलेली बदली

“मॅडम, मी बदली मागितली तर मी पळ काढला असे होईल का?” फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी राज्य शासनाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक असलेल्या एका बाईंनी मला हा प्रश्न विचारला. त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बदलीचा अर्ज त्यांनी नोव्हेंबरातच लिहिला होता. तीन महिने तो घडी घालून पर्समध्येच पडून होता, कारण नियमाप्रमाणे तो उचित मार्गाने द्यायचा, म्हणजे ज्या साहेबांपासून सुटायचे त्यांच्याच टेबलावरून तो पुढे जाणार होता. बदली झाली नाही आणि अर्ज मात्र साहेबांनी वाचला, तर पुढचे वर्ष कसे काढायचे, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

अर्ज मी वाचून पाहिला. साडेतीन पानांपैकी तीन पाने साहेबांविषयी होती. मी त्यांना प्रत्येक प्रसंगासमोर एक खूण करायला सांगितली: हे सर्वांशीच घडते, की फक्त तुमच्याशी? ओरडणे, फाइल टेबलावर आपटणे, सुटीच्या दिवशी फोन करणे हे सगळे सर्वांच्याच वाट्याला येत होते आणि ते त्यांनी एव्हाना सोसायला शिकून घेतले होते. त्यांना आतून पोखरत होती ती वेगळीच गोष्ट. साहेब तोंडी आदेश देत आणि काम अंगाशी आले की, “मी असे कधी सांगितले?” असे चारचौघांत विचारत. वीस वर्षे चोख काम केलेल्या या बाईंना त्यामुळे स्वतःच्या स्मरणशक्तीचीच शंका येऊ लागली होती. हा छळ लैंगिक स्वरूपाचा आहे का, हेही मी स्पष्ट विचारले. तो तसा असता तर मी त्यांना केवळ बदलीच्या अर्जावर थांबू दिले नसते, कारण 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते आणि चौकशी चालू असताना महिलेच्या लेखी विनंतीवरून तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करण्याची शिफारसही समिती करू शकते. त्यांनी ठामपणे नाही म्हटले.

मग मी विचारले, “हे साहेब उद्या बदलून गेले, तर तुम्हाला याच खुर्चीवर राहायचे आहे का?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रोज एसटीने जाऊन-येऊन अडीच तासांचा प्रवास, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि लेखा शाखेत काम करण्याची जुनी इच्छा हे सारे हळूहळू बाहेर आले. साहेबांच्या त्रासाने ही कारणे इतकी झाकोळून गेली होती की, अर्जात त्यांना एक ओळही मिळाली नव्हती. नवा अर्ज एका पानाचा झाला आणि तो या कारणांवरच उभा राहिला. “पण हे खरे कारण लपवणे नाही का?” असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न मला फार प्रामाणिक वाटला. माझे मत असे की, वरिष्ठांविरुद्ध तक्रार करायची असेल तर ती तारखा आणि कागद जोडून स्वतंत्रपणे करावी. ती विनंती अर्जात मिसळली की अर्जही अडतो आणि तक्रारही कोणी गांभीर्याने घेत नाही.

राज्याच्या 2005 च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमात तीन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ ठरवलेला आहे आणि बदल्या साधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. मुदतीआधी किंवा अधेमधे बदली करायची तर विशेष कारणे लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. बाईंची तीन वर्षे पूर्ण झाली होती, परंतु गट-क मधील क्षेत्रीय, म्हणजे मंत्रालयाबाहेरच्या कार्यालयातील कर्मचाऱ्याला त्याच कार्यालयात दोन कार्यकाळ राहता येत असल्याने न मागता बदली होईल असे नव्हते. नात्यातल्या एकाने आमदारांचे शिफारसपत्र आणून देतो म्हटले होते. बदलीसाठी राजकीय वजन आणणे वर्तणूक नियमांत बसत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरीही नकार देण्यासाठी त्यांना धीर गोळा करावा लागला.

गोपनीय अहवालाची, म्हणजे वर्षभराच्या कामाविषयी वरिष्ठ लिहितात त्या अहवालाची, भीती मात्र खरी होती, कारण मार्चअखेरीस तो हेच साहेब लिहिणार होते. अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात स्पष्ट केले आहे आणि त्यावर आपले म्हणणे मांडता येते, हे ऐकून त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. अर्ज देणे ते आदेश येणे या मधल्या महिन्यांसाठी आम्ही एकच गोष्ट ठरवली: प्रत्येक तोंडी आदेशानंतर फाइलवर “तोंडी सूचनेनुसार सादर” अशी दोन ओळींची टिप्पणी लिहायची. पहिल्या दोन वेळा साहेब संतापले. पुढे त्यांचा स्वभाव बदलला नाही, पण “मी असे कधी सांगितले?” हे वाक्य कमी ऐकू येऊ लागले, आणि बाईंना आपली स्मरणशक्ती शाबूत असल्याचा पुरावा रोज डोळ्यांसमोर दिसू लागला. माझ्या दृष्टीने बदलीच्या आदेशाइतकेच हेही महत्त्वाचे होते, कारण खचलेल्या मनाने नव्या जागी गेलेला माणूस तिथल्या साध्या सूचनेतही जुनाच आवाज ऐकतो.

मेअखेरीस त्यांना घराजवळच्या तालुक्याच्या कार्यालयात बदली मिळाली. लेखा शाखा मिळाली नाही. ऑगस्टमध्ये त्या पुन्हा आल्या, तेव्हा थोड्या ओशाळलेल्या होत्या. नव्या कार्यालयप्रमुख शांत स्वभावाच्या बाई आहेत, तरीही शिपायाने “मॅडमनी बोलावलंय” म्हटले की तळहातांना घाम फुटतो, असे त्या म्हणाल्या. पळ काढण्याचा प्रश्न त्यांनी या वेळी विचारला नाही. आम्ही आत जाण्यापूर्वी दारापाशी क्षणभर थांबून श्वास सावकाश सोडण्याचा सराव केला आणि केबिनमध्ये प्रत्यक्षात काय बोलणे झाले ते त्याच दिवशी वहीत लिहायचे ठरवले. गेल्या भेटीत त्यांनी ती वही आणली होती. अकरा नोंदींपैकी नऊ वेळा बोलावणे केवळ सहीसाठी होते. उरलेल्या दोन नोंदींवर आम्ही पाऊण तास बोललो; पुढची भेट दिवाळीनंतर ठरली आहे.