शॉटक्रीट (हवेच्या दाबाने भिंतीवर फवारायचं काँक्रीट) आणि ग्राउटिंग (खडकाच्या भेगांत दाबाने सिमेंटचा पातळ माल भरणं) प्रत्यक्ष हाताने शिकायचं असेल तर काय करावं?

नुसतं क्लासरूममध्ये बसून हे येत नाही बघा. स्वित्झर्लंडमध्ये सारगान्सजवळ हागरबाखची टेस्ट गॅलरी आहे, 1970 पासूनची, डोंगराच्या पोटात खऱ्या बोगद्यांतच ट्रेनिंग देतात. नोझलमनसाठी, म्हणजे फवारणीचं तोंड (नोझल) चालवणाऱ्यासाठी, एफनार्क या युरोपियन संघटनेचं सर्टिफिकेट पण असतं, ते रोबोटने शॉटक्रीट मारणाऱ्यांसाठी. शिकायचं मेन काय तर नोझल भिंतीला काटकोनात, अंतर साधारण 1 ते 2 मीटर, भिंत खालून वर भरत जायची, नाहीतर रिबाउंड (भिंतीवर आपटून उडालेला माल) इतका पडतो की अर्धा माल पायाशीच (आणि ताज्या शॉटक्रीटखाली उभं राहायचं नाही म्हणजे नाही). ग्राउटिंगमध्ये पंप कोणीही चालवेल हो, पण प्रेशर आणि किती माल गेला हे बघून थांबायचं कधी, ते मात्र साईटवरच कळतं.