दुकान मोबाइलवर मांडताना : प्रश्न तुमचे, उत्तरे आमची

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर व्यवसाय नव्याने मांडणाऱ्या वाचकांचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी विचारलंय एकच, फॉलोअर कसे वाढवायचे. पण प्रत्येकाचं अडलंय वेगळ्या ठिकाणी.

प्रश्न : मी घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. ओळखीतली साठेक गिऱ्हाइकं आहेत. गेल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर खातं काढलं. फॉलोअर अकरा, तेही घरचेच. सुरुवात कुठून करू? (सातारा)

सुरुवात त्या साठ गिऱ्हाइकांपासूनच करायची आहे, पण त्यांना बोलावण्याआधी खातं आवरून घ्या. रिकाम्या खात्यावर आलेला माणूस फॉलो न करता परत जातो आणि सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

सेटिंगमध्ये जाऊन खातं 'प्रोफेशनल' करा आणि त्यात 'बिझनेस' निवडा. पैसे पडत नाहीत. संपर्काचं बटण मिळतं आणि कोणती पोस्ट किती जणांनी पाहिली, साठवली, पुढे पाठवली हे 'इनसाइट्स'मध्ये दिसायला लागतं. मग नावाकडे या. युजरनेम तुमच्या ब्रँडचं असू द्या, पण 'नेम'च्या रकान्यात लोक शोधताना जे टाइप करतात ते लिहा : 'कांदा लसूण मसाला सातारा'. शोधणाऱ्याला तुमचं खातं दिसायला या रकान्याचा उपयोग होतो आणि बहुतेक जण तो ब्रँडचंच नाव पुन्हा लिहून वाया घालवतात. आपले लोक मराठी शब्दसुद्धा रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून युजरनेममध्ये 'मसाला' हा शब्द रोमनमध्ये येईल असं बघा. 'नेम' चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी कागदावर लिहून बघा.

बायोला १५० अक्षरं मिळतात. 'परंपरेची चव' वगैरेत ती घालवू नका. काय आहे, कुठे आहे, कमीत कमी किती घ्यावं लागतं आणि ऑर्डर कशी द्यायची, एवढं पुरे. उदाहरणार्थ : 'संकेश्वरी-ब्याडगीचा घरगुती कांदा-लसूण मसाला. पाव किलोपासून. साताऱ्यात घरपोच, बाकी महाराष्ट्रात कुरिअर. ऑर्डर व्हॉट्सॲपवर.' खाली व्हॉट्सॲप बिझनेसची लिंक द्या, म्हणजे बोट लावलं की थेट तुमच्याशी गप्पांची खिडकी उघडेल. अन्न विकताय, तेव्हा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा) चौदा आकडी नोंदणी क्रमांक पाकिटावर हवाच. तो एका पोस्टमध्येही दाखवा. अनोळखी माणूस पैसे पाठवण्याआधी तेच शोधतो.

आता नऊ पोस्ट तयार ठेवा. प्रोफाइल उघडल्यावर पहिल्या नजरेत साधारण तेवढ्याच दिसतात. त्यातल्या तीन वर पिन करता येतात : एक दरपत्रक, एक मसाला कांडतानाचा व्हिडिओ, एक ऑर्डर कशी द्यायची आणि किती दिवसांत पोचेल याची. बाकी सहांमध्ये मिरच्यांची देठं काढणं, कांदा वाळवणं, खोबरं भाजणं येऊ द्या, आणि रंगासाठी ब्याडगी व तिखटपणासाठी संकेश्वरी कशी घेता हेही.

एवढं झालं की साठही जणांना एकेकाला नावाने संदेश पाठवा, रोज आठ-दहा. ग्रुपवर टाकलेली 'फॉलो करा' ही हाक कोणाचीच नसते. संदेशात मागणी एकच आणि सोपी ठेवा : 'आपल्या मसाल्याचा रस्सा केलात की एक फोटो काढून आम्हाला टॅग करा.' तो फोटो तुमच्या स्टोरीवर लावा. यापुढे प्रत्येक पाकिटावर खात्याच्या क्यूआर कोडचं स्टिकर चिकटवा. कोड इन्स्टाग्रामच्या 'शेअर प्रोफाइल'मध्ये तयारच मिळतो. स्टिकर मागे नको, पुढे नावाच्या शेजारी लावा. पहिल्या महिन्यात शंभर-सव्वाशे फॉलोअर झाले आणि त्यांतले निम्मे मसाला खाणारे असले, तर काम उत्तम चाललंय.

प्रश्न : आम्ही येवल्यात हातमागावर पैठणी विणतो. तयार साड्यांच्या रील्स छान गाणं लावून आठवड्याला चार टाकतो. व्ह्यू दोनशेपुढे जात नाहीत. (येवला)

गाण्यावर फिरणारी तयार साडी प्रत्येक साडीवाल्याच्या खात्यावर आहे. तुमच्याकडे माग आहे, आणि तोच तुमच्या रीलमध्ये नाही.

रील आधी थोड्या लोकांपुढे जातं. ते किती वेळ थांबले यावर पुढची मजल ठरते. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५च्या सुरुवातीला जे तीन निकष सर्वांत महत्त्वाचे म्हणून सांगितले, ते असे : लोक किती वेळ पाहतात, किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात. अनोळखी माणसांपर्यंत पोचायचं असेल, तर यांतलं 'पाठवणं' अधिक कामाचं. म्हणून विचार असा करा : साडी घ्यायला निघालेल्या मैत्रिणीला बाई काय पाठवेल? सुंदर साडी पाठवेलच असं नाही. पण खरी पैठणी कशी ओळखायची हे नक्की पाठवेल.

तर पंचवीस सेकंदांचं रील असं करा. पहिले तीन सेकंद पदराची उलटी बाजू, मोबाइल वीतभर अंतरावर, आणि तुमचा आवाज : 'ही या पदराची उलटी बाजू आहे.' लगेच पदर उलटा करा. सुलट्या बाजूलाही तोच मोर, तितकाच स्वच्छ. पुढचे सात सेकंद यंत्रमागावरच्या साडीची मागची बाजू दाखवा, सुटे धागे बोटाने उचलून. मग दहा सेकंद माग : रंगीत कांड्या हाताने कशा फिरतात, एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून तिथूनच कसा परततो, आणि म्हणून मागे लोंबायला धागा उरतच नाही. शेवटचे पाच सेकंद विणकराचा चेहरा आणि एक वाक्य : 'पैठणी घ्यायला निघालेल्या कोणाला तरी हे पाठवा.'

गाणं काढून टाका. बिझनेस खात्याला लोकप्रिय गाणी व्यापारी कामासाठी वापरायची मुभा नसते. दुसऱ्या ॲपमधून चिकटवलं तर आवाज बंद होण्याची किंवा व्हिडिओ उतरवला जाण्याची भीती असते. मागाची खटखट ठेवा, ती कोणाकडे नाही. व्हिडिओ उभा, १०८० बाय १९२०. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ लुकलुकतो. जरीची तार पांढरी फटक दिसत असेल, तर पडद्यावर जरीवर बोट दाबून ठेवा आणि उजेडाची खूण खाली ओढा. कित्येक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेलं मराठीत पडद्यावर लिहा, पण मधल्या भागात. अगदी वरचा आणि खालचा भाग ॲपच्या बटणांखाली झाकला जातो.

आठवड्याला चार नकोत, अशा दोन करा. विषय आठ-दहा सहज निघतील : एका पदराला किती दिवस लागतात, नारळी काठ कसा ओळखायचा, घडी किती महिन्यांनी मोडावी. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल, तर ते प्रमाणपत्र हायलाइटमध्ये कायम ठेवा.

प्रश्न : केकचा व्यवसाय आहे. खातं मोठं दिसावं म्हणून पाच हजार फॉलोअर विकत घेतले. आता नव्या पोस्टला आठ-दहा लाइक येतात. काय करू? (डोंबिवली)

ते पाच हजार केक खाणारे नाहीत. बरीचशी खाती माणसांचीही नाहीत. तुमची पोस्ट त्यांच्यापुढे जाते, तिथे कोणी हलत नाही, आणि ती आवडली नाही असा हिशेब लागतो. खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत जाण्याआधीच ती थांबते. वर पाच हजारांना आठ लाइक हे प्रमाण गिऱ्हाइकालाही दिसतंच.

सगळ्यात आधी पासवर्ड बदला, विशेषतः विकणाऱ्याने तो मागून घेतला असेल तर. 'आणखी घेतले की सुधारेल' म्हणून सांगतील, ऐकू नका. खरे फॉलोअर दोनशे-तीनशेच असतील, तर सरळ नवं खातं काढा आणि जुन्या खात्यावर तसं जाहीर करून खऱ्यांना एकेकाला कळवा. खरे हजारभर असतील, तर यादीतून फोटो नसलेली, परदेशी, एकही पोस्ट नसलेली खाती रोज पन्नासेक काढत राहा. हे कंटाळवाणं काम आहे, तीन-साडेतीन महिने चालेल, पण दुसरा मार्ग नाही.

पुढे वाढ हवी असेल, तर डोंबिवलीतच शोधा. केक नाशिकला जाणार नाही. वाढदिवसाची सजावट करणारे, छोटे हॉल, लहान मुलांचे फोटो काढणारे यांच्याबरोबर 'कोलॅब' पोस्ट करा. समोरच्याने मान्य केली की एकच पोस्ट दोन्ही खात्यांवर दिसते. फुकट केक देऊन कोणाकडून कौतुक करून घेत असाल, तर ती जाहिरात आहे असं त्या पोस्टवर स्पष्ट लिहायला लावा. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम २०२१पासून आहे आणि तो वस्तूच्या रूपात दिलेल्या मोबदल्यालाही लागतो.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. पुण्यात थेट पेट्या विकायच्या आहेत. बूस्टवर किती पैसे घालावेत? गेल्या वर्षी घातले, लाइक भरपूर आले, ऑर्डर नाहीत. (देवगड)

लाइक आले, कारण तुम्ही लाइकच विकत घेतले. पोस्टखालचं 'बूस्ट'चं निळं बटण दाबलं की उद्देश, ठिकाण, वय सगळं घाईत ठरतं. त्याऐवजी मेटाच्या (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन उद्देश 'व्हॉट्सॲपवर संदेश' निवडा. ठिकाणात अख्खं पुणे घेऊ नका. तुमची गाडी जिथे जाते ते भाग नकाशावर पिन करून भोवतीचे थोडे किलोमीटर घ्या. कोथरूडला पोच आहे आणि वाघोलीला नाही, तर वाघोलीच्या चौकशीचे पैसे कशाला द्यायचे?

रोजचे ३०० रुपये, सात दिवस, दोन वेगळे व्हिडिओ. तीन दिवसांत तिकडे ढवळाढवळ करू नका, चौथ्या दिवशी ज्याची चौकशी महाग पडतेय तो बंद करा. हिशेब असा मांडा : २१०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४७८. समजा ४२ जणांनी विचारलं आणि सात पेट्या गेल्या. एक चौकशी ५९ रुपयांना आणि एक पेटी ३५४ रुपयांना पडली. वाहतूक, पेंढा, खोका वजा जाता एका पेटीमागे तुमच्या हातात याहून जास्त उरत असेल, तरच पुढचा आठवडा चालवा. मात्र चौकशा भरपूर आणि ऑर्डर कमी, असं असेल तर दोष जाहिरातीचा नाही. उत्तर उशिरा जातंय किंवा दर आधी सांगितलेला नाही.

व्हिडिओत काय हवं? पुणेकराच्या मनात दोन शंका असतात : हा खरंच देवगडचा का, आणि आत साका, म्हणजे खराब झालेला पांढरट गर, निघाला तर? पहिल्यासाठी बागेत झेल्याने आंबा उतरवताना आणि पेंढ्यात अढी लावताना दाखवा. दुसऱ्यासाठी एक आंबा कापून साका कसा दिसतो ते दाखवा आणि निघाल्यास काय देणार ते त्याच वाक्यात सांगा. साका बाहेरून कळत नाही हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

ज्यांनी यंदा विचारलं त्या सगळ्यांना व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल लावा : 'घेतले', 'दर जास्त वाटला', 'उशीर झाला'. पुढच्या मार्चमध्ये याच लोकांना ब्रॉडकास्ट पाठवायचा. एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच तो मिळतो. म्हणून पेटीबरोबर चिठ्ठी जाऊ द्या : 'नंबर साठवून ठेवा, पुढच्या हंगामाची पहिली खबर याच नंबरावरून येईल.'

प्रश्न : ब्लाउज शिवते. सगळे 'किंमत इनबॉक्समध्ये' लिहितात, मीही तसंच करावं का? (नागपूर)

नको. किंमत लिहा. साधा ब्लाउज इतक्यापासून, अस्तराचा इतक्यापासून, आरी वर्क कापड आणि डिझाइन पाहून. 'पासून' या शब्दात तुम्हाला हवी ती मोकळीक आहे. दर लपवला की न परवडणारे विचारून तुमचा वेळ घेतात आणि परवडणारे विचारायला संकोचतात.

प्रश्न : 'कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत खातं बंद होईल' असा मेसेज आणि लिंक आली आहे. खरं असेल का? (लातूर)

डीएममध्ये लिंकसकट आलेला असा मेसेज खोटा धरा. ती लिंक पासवर्ड चोरण्यासाठी असते. ईमेल आला असेल, तर तो इन्स्टाग्रामनेच पाठवलाय का हे ॲपच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'खाली 'रीसेंट ईमेल्स'मध्ये दिसतं. तिथे नसेल तर मेल उडवा. लिंक उघडून पासवर्ड टाकला असेल, तर आत्ताच बदला, अनोळखी मोबाइलवरचं लॉगिन बंद करा आणि पैशांचं काही झालं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, तरी त्यावरही असाच विश्वास ठेवू नका. माल बाहेर काढण्याआधी बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमध्ये रक्कम जमा दिसलीच पाहिजे. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, आजच सुरू करा. त्या वेळी आठ आकड्यांचे बॅकअप कोड मिळतात. त्यांचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही, कारण मोबाइल हरवला की तोही जातो. कागदावर उतरवा आणि उधारीची वही जिथे ठेवता तिथे ठेवा.