वन-मेक शर्यतीतला गोंधळाचा हंगाम कादंबरीत खरा कसा वाटेल?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कादंबरीत एकाच मॉडेलच्या गाड्यांची, म्हणजे वन-मेक, अशी एक काल्पनिक स्पर्धा आहे. नायक इंदूरचा मराठी मुलगा. आठ फेऱ्यांचा हंगाम सगळा उलथापालथीचा दाखवायचाय, पण खर्डा वाचलेले मित्र म्हणतात की हे काही पटत नाही.

तुम्ही सोबत दिलेला आराखडा वाचला. दर फेरीला एक मोठा अपघात आहे आणि प्रत्येक अपघात आकाशातून पडतो. कधी पाऊस, कधी टायर फुटणं, कधी कोणी सूड उगवणं. मित्रांना हेच खटकलं असणार. वन-मेकमध्ये गोंधळ फार क्वचित बाहेरून येतो. तो गाड्या सारख्या असण्यातून आणि नियमांच्या पुस्तकातून येतो. ही दोन मुळं धरलीत तर तुमचे अर्धे अपघात काढून टाकता येतील आणि हंगाम जास्त वादळी होईल.

मीही इंदूरचाच. इंजिनाच्या कामात आयुष्य गेलं. वन-मेक शर्यतींत आधी मेकॅनिक म्हणून राबलो, पुढे तपासणीच्या बाजूला बसलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सारखेपणाचं. इंजिन सीलबंद, टायर एकाच कंपनीचे, सस्पेन्शनमध्ये दोन-चार गोष्टींनाच हात लावायची मुभा. आपल्याकडे २०१० साली फोक्सवॅगनचा पोलो कप सुरू झाला तेव्हापासून हा प्रकार बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. सारख्या गाड्या दिल्या की काय होतं, याचा माझा आवडता दाखला १९८४ चा आहे. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला तेव्हा मर्सिडीजनं नामांकित ड्रायव्हरांना एकसारख्या १९०ई गाड्या देऊन शर्यत लावली. निकी लाउडा होता, कार्लोस रॉयटमन होता. जिंकला आयर्टन सेन्ना, ज्याचं फॉर्म्युला वनमधलं ते पहिलंच वर्ष होतं. लाउडा दुसरा, रॉयटमन तिसरा. तुमच्या नायकाला पुढे आणायला एवढा पाया पुरतो. त्याच्या गाडीला गुपचूप जास्त ताकद देऊ नका, तिथे कथा खोटी पडते.

आता टकरांचं. सगळ्यांची ताकद सारखी, म्हणून सरळ रस्त्यावर पुढच्याला नुसतं जोर लावून मागे टाकता येत नाही. त्याच्या मागे हवेच्या पोकळीत चिकटून राहावं लागतं, आणि ओव्हरटेक बहुतेक वेळा वळणाआधीच्या ब्रेकिंगमध्येच होतो. चिकटून आलेली गाडी थोडी जास्त वेगात असते आणि वेग कमी करायला समोरच्या हवेची मदत तिला कमी मिळते, म्हणून ती जास्त लांब जाऊन थांबते. त्यातच पुढच्यानं आतली बाजू झाकायला ब्रेक किंचित आधी दाबला की बंपर लागलाच. शिवाय रेडिएटरला गार हवा मिळत नसल्यानं मागच्याचं इंजिन तापत असतं, त्यामुळे थांबून राहणंही त्याला परवडत नाही. यात कोणी खलनायक नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरी गाडी मातीत जाते. असा प्रसंग लिहिलात तर वाचकाला बाजू घेता येणार नाही, आणि मला वाटतं कादंबरीला तेच हवं असतं.

ट्रॅकही विचार करून निवडा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे. तिथे पुढचे थोड्याच लॅपमध्ये शेवटच्यांना गाठतात आणि रहदारी सुरू होते. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून थोडा मोठा, लांबलचक सरळ रस्त्याचा. तिथे मागे चिकटण्याचा खेळ चालतो. एकाच मुलाचा स्वभाव या दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी उघडा पडेल.

तुमच्या आराखड्यात अजिबात नसलेली गोष्ट म्हणजे स्पेअर पार्ट. गाडी एकच, म्हणून दुखणंही एकच. एका ट्रॅकच्या कडेच्या एका उंच कर्बवर एका गाडीचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा, वाकला, तर त्याच दिवशी अजून चौघांचा वाकतो, आणि आयोजकांच्या ट्रकमध्ये असतात तीन. पहिली शर्यत सकाळी, दुसरी दुपारी. कोणाला आर्म द्यायचा? आधी मागेल त्याला, की गुणांत पुढे असेल त्याला? ज्याला मिळत नाही त्याचे वडील पिटमध्ये काय बोलतात? मोडतोडीचं बिल ड्रायव्हरच्या नावावर लागत असेल, तर त्या संध्याकाळी नायक घरी फोन करेल की नाही? एकाच पुरवठादाराचा दोष किती लांब जातो ते २००५ साली इंडियानापोलिसला दिसलं. मिशेलिनचे टायर तिथलं वेगवान वळण झेलणार नाहीत असं कळल्यावर चौदा गाड्या सुरुवातीआधीच्या फॉर्मेशन लॅपनंतर शर्यत न धावता पिटमध्ये परतल्या आणि फॉर्म्युला वनची शर्यत सहाच गाड्यांत झाली. ती काही वन-मेक नव्हती. वन-मेकमध्ये तर सगळीच गाड्यांची रांग एका टायरवर उभी असते.

नियमांचा गोंधळ याहून मोठा. पहिल्या शर्यतीतले पहिले आठ दुसऱ्या शर्यतीला उलटे उभे करायचे, म्हणजे आठवा सगळ्यात पुढे, हा नियम बऱ्याच मालिकांत असतो. मग आठवा येण्यात फायदा दिसू लागतो आणि शेवटच्या लॅपला सातव्या-आठव्या जागेवर विचित्र हालचाली होतात. फॉर्म्युला ईमध्ये गाडीचा सांगाडा आणि बॅटरी सगळ्यांची एकच. २०२१ पर्यंत तिथे गुणतक्त्यात पुढे असलेल्यांना क्वालिफायिंगला, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीला, आधी, धुळीच्या ट्रॅकवर उतरावं लागे, म्हणून पुढचे सतत मागे पडत. त्या वर्षी बर्लिनच्या शेवटच्या दोन शर्यतींना सुरुवात होताना अठरा ड्रायव्हर विजेतेपदाच्या हिशेबात होते. पुढच्या वर्षी ती पद्धत बदलली. आणि १९८८ चा फॉर्म्युला वन बघा. सोळापैकी फक्त सर्वोत्तम अकरा निकाल धरायचे असा नियम होता. सेन्नाचा प्रतिस्पर्धी अ‍ॅलन प्रोस्ट, त्याचे एकूण गुण १०५, सेन्नाचे ९४. धरलेले गुण मात्र प्रोस्टचे ८७, सेन्नाचे ९०. विजेता सेन्ना. एवढ्या एका नियमावर तुमचा शेवट उभा राहू शकतो.

बक्षिसाच्या रचनेनंही हंगाम फिरतो. १९९१ मध्ये जग्वारनं फक्त एक्सजेआर-१५ गाड्यांची तीन फेऱ्यांची मालिका घेतली: मोनॅको, सिल्व्हरस्टोन, स्पा. तीन फेऱ्यांना तीन वेगळे विजेते, आणि दहा लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं शेवटच्या स्पाच्या शर्यतीला. ते आर्मिन हानेनं नेलं. आधीच्या दोन शर्यती जिंकणाऱ्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार करून बघा.

सगळ्यात जास्त पानं द्या ती शर्यतीनंतरच्या तासाला. पुढच्या गाड्या पार्क फर्मेत, म्हणजे तपासणीच्या बंद आवारात, जातात, मेकॅनिकनं हात लावायचा नाही. गाडी ड्रायव्हरसकट काट्यावर चढते, हेल्मेट-सूट धरून. ठरलेल्या किमान वजनाहून किलोभर कमी भरलं तरी निकाल हातचा जातो. म्हणून जाणता ड्रायव्हर परतीच्या लॅपला ट्रॅकच्या कडेनं, पडलेल्या रबराच्या तुकड्यांवरून चालवत येतो. गरम टायर ते गोळा करतो, तेवढंच वजन. मग सील. बोल्टांच्या डोक्यांना आरपार भोक पाडून त्यातून तार ओवलेली असते, टोकाला शिक्का दाबलेला. स्क्रुटिनीअर, म्हणजे गाडी तपासणारा अधिकारी, टॉर्च घेऊन वाकतो आणि तार बोटांत फिरवून बघतो. हंगामभर तापलेली तार काळवंडते. चमकणारी, म्हणजे नुकतीच बदललेली दिसली तर तो तोंडानं काही बोलत नाही, वहीत नंबर उतरवतो. पलीकडे चषक घेऊन फोटो चाललेले असतात आणि निकाल अजून तात्पुरताच असतो. प्रोटेस्टची, म्हणजे हरकत नोंदवायची, वेळ संपायची असते, निवाडा करणाऱ्या स्टुअर्डांसमोर दोघांना बोलवायचं असतं. मी पोडियमवर हसणारा मुलगा तासाभरानं त्याच सुटात खुर्चीवर बसलेला पाहिलाय.

इंदूरबद्दल दोन गोष्टी. पिथमपूरचा नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी आहे. तुमची चौथी फेरी तिथे आहे ती हलवा. नायकाचे काका तिथे किंवा पिथमपूरच्या एखाद्या कारखान्यात नोकरीला दाखवा, ते शोभेल. आणि बोलणं: हा मुलगा घरी आईशी मराठीत बोलेल, पण पिटमध्ये मेकॅनिकला 'भिया, प्रेशर देख लो' असंच म्हणेल. तुमच्या खर्ड्यात तो सगळीकडे पुस्तकी मराठी बोलतो.

आता कामाला बसताना आधी कथा लिहू नका. आठही फेऱ्यांचा गुणतक्ता मांडा, प्रत्येक ड्रायव्हरचा, बाद झालेले आणि नंतर अपात्र ठरलेले धरून. कुठला निकाल कुठल्या कलमानं बदलला ते शेजारी लिहा. ज्या बदलाला कलम सापडत नाही तो प्रसंग काढा. तक्ता झाला की इथेच टाका, पेनल्टी आणि प्रोटेस्टच्या बाजूनं मी तपासून देईन.