जेलात हिशेब शिकवायला चाललात? मग हे वाचा

ताई, पहिल्याच दिवशी जीएसटी नि बिझनेस प्लॅन काढू नका, मी तेच केलं होतं, अर्धे जण जांभया द्यायले होते. चहाच्या गाड्यापासून सुरू करा, दूध, साखर, पत्ती, गॅस आणि स्वतःची मजुरी, ही मजुरीच सगळे विसरतात बघा. पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीवर राबणारे मात्र ती पटकन धरतात.

- गुन्हा कोणता, विचारायचं नाही.
- मोबाईल गेटवरच राहतो, फळा-खडूची तयारी ठेवा.
- कर्ज मिळवून देतो असं चुकूनही बोलू नका. छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत असतं हे सांगा, पण आधी सावकाराचं शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के हे फळ्यावर मांडा, मागचे पण पुढं सरकतात.

बाकीचं नंतर बघू.