पर्क मशीनमधून निघालेल्या फिल्मवर पांढुरके ओघळ

धुऊन निघालेल्या ३५ एमएमच्या रिळावर पांढुरके ओघळ दिसतात, म्हणून वाळवणीचं तापमान वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. नका वाढवू. जे मागे राहिलंय ते उष्णतेने उडणारं नाही, आणि आक्रसलेल्या ॲसिटेट फिल्मला जादा ऊब मानवत नाही.

आधी सॉल्व्हंट बघा, म्हणजे फिल्म धुणारं द्रावक: पर्क (परक्लोरोइथिलीन). हातमोजे घालून, एक्झॉस्टखाली, शेवटच्या फवाऱ्याचे चार थेंब स्वच्छ काचेवर घ्या आणि वाळू द्या. मग काच दिव्यासमोर तिरकी धरा. पांढुरकं कडं उमटलेलं दिसलं, तर एअर नाइफला, म्हणजे हवेच्या झोताने फिल्म वाळवणाऱ्या भागाला, दोष देऊ नका. पर्कमध्ये तेल, मेण, जुन्या टेपचा गोंद विरघळलाय. पर्क उडतं आणि हे फिल्मवर बसतं. फिल्टर बदलून फरक पडणार नाही, कारण फिल्टर कण अडवतो, विरघळलेलं नाही. त्याला स्टिलच लागतं, म्हणजे पर्क उकळून त्याची वाफ थंड करून शुद्ध करणारं भांडं.

आणि नेमकं स्टिलकडेच कुणी बघत नाही. तळाशी गाळ साचला, हीटरवर थर चढला, की ऊर्ध्वपातन मंदावतं आणि थर्मोस्टॅट चढवायचा मोह होतो. पर्क १२१ अंशांना उकळतं; पातळी उतरून उघडा पडलेला हीटर तापत राहिला, तर पर्कचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड, अगदी फॉस्जीनसारखा विषारी वायूसुद्धा तयार होऊ शकतो. लेव्हलचा कट-ऑफ (पातळी उतरली की हीटर बंद करणारा स्विच) बायपास केलेली मशीनंही मी पाहिलीत. तुमच्याकडे तसं असेल तर मशीन आजच बंद करा, ओघळांचं नंतर बघू. गाळ थंड झाल्यावरच काढायचा आणि घातक कचरा म्हणून द्यायचा. गटारात नाही.

काच स्वच्छ निघाली तर पाण्याचा संशय घ्या. पर्क पाण्याच्या दीडपटीहून जड, त्यामुळे पर्कमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या सेपरेटरमध्ये पाण्याचा थर वर दिसतो. काढून टाकला तरी पुन्हा भरत असेल तर कंडेन्सरची (पर्कची वाफ थंड करणारी) कॉइल गळतेय. हे लांबवू नका. पाण्यामुळे पर्क आम्लधर्मी होतं आणि आतून गंज लागतो. कॉम्प्रेसरचं तेल हवेतून येतंय का, ते एअर नाइफसमोर पांढरा टिश्यू धरला की कळतं.

याच टाकीत पर्कऐवजी एचएफई-७२०० हे दुसरं सॉल्व्हंट भरायचा विचार असेल तर सोडा. ते ७६ अंशांना उकळतं, तुमचं स्टिल पर्कसाठी बांधलंय. चिकट ग्रीसवर ते पर्कइतकं चालतही नाही, आणि ते बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर त्या उत्पादनातून बाहेर पडायचं २०२२ मध्येच जाहीर केलं होतं.

दुरुस्तीनंतर आधी टाकाऊ प्रिंटचे शे-दोनशे फूट चालवा. निगेटिव्ह लावण्यापूर्वी टेपचे जोड तपासा; पर्कमध्ये गोंद सुटला की जोड टाकीतच उघडतो.