कपडेपट: पाठीवरचं बकल कोण लावणार?

(नाटकांचा कपडेपट सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेलेल्या आमच्या मावशी या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. हल्ली त्यांच्या सदाशिव पेठेतल्या गच्चीवर दर रविवारी हौशी चिलखतवाल्या पोरापोरींचा गट जमतो, त्यामुळे या वेळचे सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत.)

मावशी, माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या सैनिकाचं चिलखत बनवायचं खूळ घेतलंय. हॉलभर फोमच्या मॅट पसरल्यात आणि सोल्यूशनच्या वासाने सासूबाईंचं डोकं उठतं. अशा लोकांची जगभर संघटना आहे आणि मी तिचा सभासद होणार, असं म्हणतो. खरं आहे का हे?
— एक आई, कोथरूड

संघटना खरी आहे हो. १९९७ साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी ‘५०१ लीजन’ सुरू केली, आता देशोदेशी शाखा आहेत. पैसे भरले की सभासद, असला प्रकार तिथे नाही. चिलखत स्वतःचं हवं, त्याचे फोटो पाठवायचे, आणि नियमावलीत त्या पोशाखाचं जे बारीकसारीक वर्णन आहे त्याच्याशी ते ताडून बघतात. कार्यक्रमाला यायचं मानधन घेत नाहीत. कोणी देऊ केलंच तर सेवाभावी संस्थेला द्या म्हणतात. वयाची अट मात्र अठरा पूर्ण अशी आहे. चिरंजीवांनी हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

ही दोन वर्षं वाया जाणार नाहीत. वाढत्या मुलाचं छातीचं कवच वर्षभरात अंगाला होईनासं होतं. शिवाय तो पांढरा सैनिक म्हणजे एबीएस प्लास्टिकची शीट तापवायची, साच्यावर ओढायची, खालून हवा शोषून घ्यायची, असं करून काढलेले तुकडे. खर्चिक काम आहे. तोवर स्वस्तातल्या फोमवर हात बसू दे, कापायची आणि मापाची अक्कल तीच लागते.

वासाबद्दल सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर आहे. चप्पल दुरुस्तीवाले वापरतात त्या जातीचं ते सोल्यूशन. दोन्ही काठांना पातळ हात द्यायचा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मग एकदाच, नीट जुळवून दाबायचं. उचलून पुन्हा लावू म्हटलं तर फोम फाटतो. वाळताना जी वाफ निघते ती डोक्यात जाते आणि पेटही घेते. म्हणून हे काम गच्चीत. गॅस, देवघरातली समई, डासांची कॉइल, यांच्या जवळपास अजिबात नाही. कापडी मास्कचा या वाफेला काडीचा उपयोग नाही. कोळशाच्या डब्या लावलेला मास्क घ्या. फोम घासताना मात्र धूळ उडते, तिथे साधा एन-९५ पुरतो. बोहरी आळीत चक्कर टाका आणि मुलालाच पिशवी धरायला न्या, म्हणजे हौसेला काय काय लागतं ते त्यालाही कळेल.

फोमचं छातीचं कवच दिसायला झकास झालंय. पण खुर्चीत बसलं की गळ्यात घुसतं आणि हात खांद्याच्या वर जात नाही. कुठे चुकलं?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कर्वेनगर

आरशासमोर ताठ उभं राहून माप घेतलंस ना? मग ते आरशासमोर ताठ उभं राहायलाच चालणार!

आधी बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात जा. तिथे शस्त्रं आणि चिलखतं मांडलेली आहेत. सगळे वरच्या नक्षीचे फोटो काढतात, तू काठ बघ. आपल्याकडे ‘चार आईना’ नावाचा प्रकार होता: चार पत्रे, एक छातीवर, एक पाठीवर आणि दोन कुशींना, पट्ट्यांनी जोडलेले. कुशीतल्या पत्र्याचा वरचा काठ खोलगट कापलेला असतो. तिथून दंड फिरतो. पत्रा घडवणाऱ्याला ठाऊक होतं की घालणारा घोड्यावर बसणार आहे आणि हातात तलवार आहे. तुझ्या कवचाचा बगलेतला काठ सरळ असेल, पैज लावते.

आता नवा खाका काढ. जुना टी-शर्ट घाल, त्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळायची, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. मग बस, वाक, हात वर कर. टेपला जिथे सुरकुत्या पडतील तिथे मैत्रिणीने मार्करने खुणा करायच्या. पोटाची घडी जिथे पडते त्याच्या वरच छातीचा तुकडा संपला पाहिजे. खालचा पोटाचा तुकडा वेगळा, दोन्ही इलॅस्टिकने जोडलेले. पाठीकडून टी-शर्टसकट कापून सोलून काढायचं. कात्री मैत्रिणीच्या हातात, तू हलायचं नाहीस. कागदावर उतरवताना फक्त अर्धी बाजू घे आणि तीच उलटी करून दुसरी काढ, नाहीतर डावा-उजवा खांदा कधीच जुळत नाही.

खांद्याचे तुकडे छातीला चिकटवायचे नाहीत, पट्ट्यावर लटकवायचे. हात वर गेला की ते मागे सरकले पाहिजेत.

रंगाआधी फोमवरून हीट गन फिरव. पृष्ठभागाला किंचित चमक आली की छिद्रं मिटली असं समज, नाहीतर तो ब्रश ब्रश रंग पितो. आमच्या गटात घाई करणारे हीच पायरी गाळतात आणि मग रंगाच्या दुकानदाराला नावं ठेवतात.

थ्रीडी प्रिंट केलेलं शिरस्त्राण एप्रिलमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवलं होतं. संध्याकाळी एका बाजूने बसलेलं. प्रिंटिंगवाल्याने फसवलं का?
— हिंजवडी

नाही हो. अशा प्रिंटला सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पुढच्या वेळी पीईटीजी किंवा एबीएस वापरा, आणि तरीही गाडीत ठेवू नका. बसलेली बाजू गरम पाण्याने सरळ करायच्या फंदात पडलात तर दुसरी बाजू जाईल. नवं करा.

शिवजयंतीच्या शोभायात्रेत आम्हा मित्रांना मावळ्यांच्या वेशात, खऱ्या लोखंडी साखळीच्या चिलखतात चालायचं आहे. कड्या स्वतः विणणार आहोत. तलवारी कुठे मिळतील?
— एक गट, कसबा पेठ

विणकाम सोपं आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येक कडी चार कड्यांत ओवायची, आणि हे महिनोन्‌महिने. पण लोखंडाचा पूर्ण सदरा दहा किलोच्या घरात जातो आणि शोभायात्रा तासन्‌तास रखडते. कमरेला पट्टा घट्ट आवळला तर खांद्यावरचं बरंच ओझं कमरेवर येतं, हे विसरू नका. लोखंडाऐवजी अॅल्युमिनियम घेतलं तर वजन साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं.

माझं ऐकाल तर तेवढंही नको. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली महाराज अफजलखानाला भेटायला गेले तेव्हा चिलखत अंगरख्याच्या आत होतं आणि मंदिलाखाली पोलादी टोप. वरून काही दिसत नव्हतं, तोच तर डाव होता! मग तुम्ही गळ्याशी, मनगटाशी आणि घेराच्या काठाला वीतभर साखळी दाखवा, मधे अंगरखा. नाटकात तर आम्ही तेवढीसुद्धा खरी वापरत नव्हतो. जाड सुतळी मोठ्या सुयांवर विणायची, काळा रंग द्यायचा आणि सुकल्यावर चंदेरी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश वरवर फिरवायचा. उंचवटे चमकतात, खाचा काळ्या राहतात. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळत नसे, लक्ष्मी रोडच्या कडेला उभ्या असलेल्यांनाही कळणार नाही.

तलवारी फोमच्याच. १९५९चा शस्त्र कायदा आहे, वर सणावाराला पोलिसांचे मनाई आदेश असतात, आणि ‘धार लावलेली नाही’ हा खुलासा गर्दीत कोणी ऐकून घेत नाही. यात्रेची परवानगी काढायला जाल तेव्हाच पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

आमचा आठ जणांचा गट आहे. कार्यक्रमाला प्रत्येकाला चिलखतच घालायचंय. साध्या कपड्यांत सोबत राहायला कोणी तयार नाही. भांडणं होतात. काय करावं?
— औंध

मग आठ जणांनी घरूनच एकमेकांना फोटो पाठवा.

पाठीवरचं बकल स्वतःच्या हाताने लागत नाही. शिरस्त्राण चढलं की पाय दिसत नाहीत, जिना दिसत नाही, गुडघ्याशी आलेलं पोर दिसत नाही, आणि मागून कोण तुकडा ओढून बघतंय हेही कळत नाही. हातमोज्यांवर कवच बांधलेल्या हातांनी पाण्याची बाटली उघडता येत नाही. नाटकात आमच्याकडे प्रत्येक जड पोशाखामागे एक माणूस असे. त्याचं नाव जाहिरातीत नसे, पण तो आला नाही तर तिसरी घंटा होत नसे.

दोन चिलखतांमागे एक साधा माणूस, आणि मध्यंतरानंतर अदलाबदल. त्याच्या झोळीत स्ट्रॉ, पाणी, वेल्क्रोचे तुकडे, सेफ्टी पिना, सोल्यूशनची छोटी ट्यूब आणि स्क्रू ड्रायव्हर. तासाभराने आतल्याला शिरस्त्राण काढायला लावायचं, तो नाही म्हणाला तरी. आमच्या गच्चीवर नवा कोणी आला की पहिल्या कार्यक्रमाला त्याला झोळीच देते. कुरकुरला तर पुढच्या रविवारी मी चहा टाकत नाही. बरेचसे आपोआप कळून घेतात.

मला चष्मा आहे. शिरस्त्राणात काच धुकटते.
— सिंहगड रोड

भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब काचेवर आतून चोळा आणि कोरड्या मऊ कापडाने पुसा. कपाळाशी छोटा पाच व्होल्टचा पंखा बसवा, तापकीर गल्लीत मिळतो, पॉवर बँकेवर चालतो. वारा काचेवर यायला हवा, डोळ्यांवर नको. आणि चष्म्याच्या काड्यांना जागा ठेवून मगच आतला स्पंज चिकटवा.